ओझे वाहणारे जहाज

जून 1944 पासून पुढच्या वसंत ऋतूपर्यंत अमेरिकन नौदलाच्या एका जहाजाने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या. जाताना त्याच्या पोटात रणगाडे, ट्रक, दारूगोळा आणि सैनिक असत. येताना जखमी असत, युद्धकैदी असत. त्या जहाजाला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता : एलएसटी-325. रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी जहाजे नौदलात या तीन अक्षरांनी ओळखली जात.

आरमारी इतिहासात अशा जहाजांच्या वाट्याला फारशी पाने येत नाहीत. तोफांचे द्वंद्व, पाणबुड्यांचा पाठलाग, विमानवाहू नौकांच्या लढाया हे सगळे सांगायला रंगतदार असते. ट्रक भरले, समुद्र ओलांडला, ट्रक उतरवले, परत आलो, यात सांगण्यासारखे काय आहे, असे वाटते. पण 1943 ते 1945 या काळात मित्रराष्ट्रांची कोणती स्वारी कधी निघणार, किती मोठी असणार आणि कोणती लांबणीवर पडणार, हे पुष्कळ वेळा याच जातीची किती जहाजे हाताशी आहेत यावर ठरत होते. सेनापतींच्या योजना नकाशावर होत्या. त्या वाळूवर उतरवायला ओझे वाहणारे लागत होते. एलएसटी-325 ची कारकीर्द म्हणजे या वाहतुकीचा इतिहास आहे, आणि तो युद्ध संपल्यावरही थांबत नाही.

धक्का नसेल तर काय?

1940 च्या मे-जूनमध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटनने सुमारे 3 लाख 38 हजार सैनिक माघारी आणले. माणसे वाचली, पण रणगाडे, तोफा आणि वाहने फ्रान्समध्येच टाकून यावे लागले. युरोपात परत जायचे तर हे सगळे पुन्हा समुद्रापलीकडे न्यावे लागणार होते, आणि पलीकडची सगळी बंदरे जर्मनांच्या ताब्यात होती. बंदर जिंकले तरी शत्रू जाताना धक्के आणि यारी उडवून देणार, हेही उघड होते. मग तीस टनांचा रणगाडा उघड्या पुळणीवर उतरवायचा कसा?

ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी अशा जहाजाचा आग्रह धरला. ब्रिटिशांनी सुरुवातीला जुगाड केला. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या उथळ पाण्यात चालण्यासाठी बांधलेली तेलवाहू जहाजे त्यांनी घेतली आणि त्यांच्या पुढच्या बाजूला दरवाजे बसवले. त्यांपैकी एक, ‘बाचाकेरो’, 1942 च्या मादागास्कर मोहिमेत वापरलेही गेले. कल्पना चालते हे त्यातून कळले. मात्र शेकड्यांनी जहाजे हवी होती, आणि ब्रिटनच्या गोद्या तेव्हा व्यापारी जहाजे व पाणबुडीविरोधी नौका बांधण्यात पूर्ण गुंतलेल्या होत्या. नोव्हेंबर 1941 च्या सुमारास हा प्रश्न अमेरिकन नौदलाच्या जहाजबांधणी विभागाकडे गेला. तेथे जॉन नीडरमेयर हे जहाजरचनाकार काम करत होते.

दोन समुद्रांचे एक जहाज

नीडरमेयर यांच्यापुढची अडचण परस्परविरोधी अटींची होती. अटलांटिक ओलांडायचा तर जहाज पाण्यात खोल बसले पाहिजे. नाहीतर मोठ्या लाटांवर ते हेलकावे खाणार आणि वाऱ्याने भरकटणार. पुळणीवर लागायचे तर उलट हवे : तळ सपाट आणि जहाज जवळजवळ पाण्यावर तरंगणारे, म्हणजे रणगाडे गुडघाभर पाण्यात उतरू शकतील.

त्यांनी काही तासांत कागदावर जे रेखाटन केले त्यात उत्तर होते पाण्याच्या टाक्यांचे. पाणबुडी जशी टाक्यांत पाणी घेऊन खाली जाते आणि ते बाहेर टाकून वर येते, तोच विचार त्यांनी इथे वापरला. समुद्रप्रवासात टाक्या भरायच्या, म्हणजे जहाज खोल बसेल. किनारा जवळ आला की पंपाने पाणी बाहेर टाकायचे, म्हणजे जहाज वर उचलले जाईल. किनाऱ्याला लागताना पुढच्या बाजूला पाण्याची खोली चारेक फूट पुरे आणि मागे दहाएक फूट, अशी तळाची उतरण पुळणीच्या उताराशी जुळवलेली होती. ते रेखाटन लगोलग ब्रिटनला गेले, मंजूर झाले, आणि ब्रिटनने 200 जहाजांची मागणी नोंदवली.

पक्क्या आराखड्यातले जहाज 328 फूट लांब आणि 50 फूट रुंद होते. त्याच्या नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, दोन मोठी दारे होती. ती उघडली की आतून उतरता फळा खाली येई आणि वाहने स्वतःच्या चाकांवर बाहेर पडत. आतल्या लांबलचक डेकवर वीसेक शर्मन रणगाडे मावत. वरच्या उघड्या डेकवर ट्रक आणि हलकी वाहने उभी राहत. रेल्वे इंजिनांत वापरली जाणारी जनरल मोटर्सची दोन डिझेल इंजिने जहाज चालवत, आणि त्याचा वेग बारा नॉटच्या आसपासच असे. मागच्या बाजूचा नांगर हे या जहाजाचे खास हत्यार होते. किनाऱ्याकडे येतानाच तो खोल पाण्यात टाकून ठेवायचा, दोर सोडत पुढे जायचे, माल उतरला की त्याच दोरावर रहाट लावून स्वतःला मागे ओढून घ्यायचे. तो नांगर नसता तर पुळणीवर लागलेले जहाज तिथेच अडकून पडले असते.

बंद डेकवर वीस रणगाड्यांची इंजिने एकाच वेळी सुरू झाली की धुराने माणसे गुदमरतील, ही आणखी एक धास्ती होती. त्यासाठी केंटकी राज्यातील फोर्ट नॉक्स येथे, समुद्रापासून शेकडो मैल दूर, या डेकची पूर्ण आकाराची प्रतिकृती इमारत म्हणून उभी केली गेली. तिच्यात खरे रणगाडे चालवून हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था ठरवण्यात आली. कागदावरचे रेखाटन काही तासांचे होते. ते माणसांना सुरक्षित व्हावे म्हणून घेतलेले कष्ट मात्र महिन्यांचे होते.

शेतांमधल्या गोद्या

पहिल्या एलएसटीचा तळ जून 1942 मध्ये न्यूपोर्ट न्यूज येथे बसवला गेला. घाई इतकी होती की त्या गोदीत सुरू झालेल्या एका विमानवाहू नौकेचा तळ उचलून बाजूला करण्यात आला आणि त्या जागी एलएसटी बांधायला घेतले गेले. एलएसटी-325 फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत बांधले गेले. 27 ऑक्टोबर 1942 रोजी ते पाण्यात उतरले आणि 1 फेब्रुवारी 1943 रोजी नौदलाच्या सेवेत दाखल झाले. म्हणजे या जातीच्या अगदी पहिल्या तुकडीतले ते जहाज होते.

पण किनाऱ्यावरच्या गोद्या पुरणार नव्हत्या. मग अमेरिकेने नद्यांकडे पाहिले. इलिनॉय, इंडियाना, पश्चिम पेनसिल्व्हेनिया अशा समुद्रापासून दूरच्या भागांत, नदीकाठच्या मक्याच्या शेतांजवळ नव्या गोद्या उभ्या राहिल्या. त्या चालवणाऱ्या काही कंपन्या आधी पूल बांधत असत. कामगारांमध्ये शेतकरी होते, दुकानांत काम करणारी माणसे होती, आणि वेल्डिंग शिकून आलेल्या स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. इंडियानातील इव्हान्सव्हिल या शहरात ओहायो नदीच्या काठी 167 एलएसटी बांधली गेली. ती नदीत आडवी, बाजूने घसरवत सोडली जात. तिथून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून न्यू ऑर्लिन्सपर्यंत उतरत ती समुद्राला मिळत. युद्धाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेने या जातीची 1,051 जहाजे बांधली.

या आकड्यामागे एक निर्णय आहे. ही जहाजे वापरून टाकण्यासाठी बांधली जात होती. पुळणीवर एकदा यशस्वीपणे रणगाडे उतरले की जहाजाने आपली किंमत वसूल केली, असा हिशोब होता. त्यांना नावेही नव्हती. एलएसटी-325 चे पुढचे ऐंशीहून अधिक वर्षांचे आयुष्य त्या हिशोबात कोणीही धरलेले नव्हते.

सिसिली आणि सालेर्नो

1943 च्या वसंतात एलएसटी-325 अटलांटिक ओलांडून अल्जीरियातील ओरानला पोहोचले. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खलाशांनी सराव केला. अंधारात पुळणीवर नेमक्या जागी लागायचे, दारे उघडायची, वाहने काढायची आणि नांगरावर मागे सरकायचे. हे काम सोपे नव्हते. सपाट तळामुळे हे जहाज आडव्या वाऱ्यात सरळ चालत नसे, आणि मोकळ्या समुद्रात ते इतके डोलत असे की मुरलेल्या खलाशांनाही समुद्र लागे.

10 जुलै 1943 रोजी सिसिलीवर स्वारी झाली. एलएसटी-325 तेव्हा जेलाच्या किनाऱ्यावर राखीव दलासोबत होते. एवढ्या संख्येने एलएसटी युरोपच्या लढाईत उतरण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्याने लगेच त्यांची परीक्षा घेतली. तिथे किनाऱ्याच्या थोडे अलीकडे पाण्याखाली वाळूचे दांडे होते. जहाज दांड्यावर अडकायचे आणि दांडा व पुळण यांच्यामध्ये खोल पाणी राहायचे. तो खळगा ओलांडण्यासाठी लोखंडी तराफे जोडून तरंगता रस्ता केला जाई आणि गाड्या त्यावरून किनारा गाठत.

सप्टेंबरमध्ये इटलीच्या मुख्यभूमीवरील सालेर्नोची पाळी आली. इथे एलएसटी-325 ने उत्तरेकडच्या हल्लेखोर दलासाठी ब्रिटिश सैन्याची वाहतूक केली. इटलीच्या मोहिमेत एलएसटींनी काय साधले ते पुढे 1944 च्या आरंभी आंझिओ येथे फार स्पष्ट दिसले. नेपल्समध्ये ट्रक आधीच भरून ठेवत. रोज सहा एलएसटी सुमारे शंभर मैलांच्या प्रवासाला निघत, प्रत्येकात पन्नास भरलेले ट्रक. आंझिओला ट्रक थेट बाहेर पडून कोठारांकडे जात आणि आदल्या दिवशी गेलेले रिकामे ट्रक परतीच्या जहाजात चढत. यारी नको, हमाल नकोत, पेट्या उचलून पुन्हा ठेवणे नको. वेढ्यात सापडलेले एक सैन्य या रोजच्या फेऱ्यांवर चार महिने जगले. बंदरातील मालवाहतुकीची पद्धत कशी बदलू शकते याचा तो मोठा, प्रत्यक्ष प्रयोग होता.

1943 च्या नोव्हेंबरात एलएसटी-325 इंग्लंडच्या वाटेला लागले. 21 नोव्हेंबर रोजी त्याच्या काफिल्यावर जर्मन विमानांनी रेडिओने दिशा देता येणारे, पंखांवर तरंगत येणारे बॉम्ब टाकले. तेव्हा हे अस्त्र नवे होते. बारा नॉटच्या आत चालणाऱ्या जहाजाला त्यापासून पळणे शक्य नव्हते. ते वाचले आणि त्याच महिन्यात प्लिमथला पोहोचले.

जहाजांच्या संख्येवर थांबलेले युद्ध

1944 च्या आरंभी मित्रराष्ट्रांकडे सैन्य होते, रणगाडे होते, विमाने होती. कमी होती ती एलएसटी. नॉर्मंडीची स्वारी मूळ बेताप्रमाणे मे महिन्यात व्हायची होती. ती जूनवर नेण्यामागे एक कारण असे होते की आणखी एका महिन्याच्या बांधणीतली उतरण-जहाजे मिळावीत. दक्षिण फ्रान्सवर त्याच वेळी उतरायचे होते. पुरेशी जहाजे नसल्याने ती मोहीम 15 ऑगस्टपर्यंत मागे गेली. दोन साम्राज्यांचे बेत असल्या जहाजांपायी अडकून पडावेत, यावर चर्चिल चिडून बोलल्याची नोंद आहे.

अशा वेळी एकेक जहाज गमावणे परवडणारे नव्हते. तरीही 28 एप्रिल 1944 च्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम उपसागरात, नॉर्मंडीच्या सरावासाठी निघालेल्या आठ एलएसटींच्या ताफ्यावर जर्मन वेगवान टॉर्पेडो बोटींनी हल्ला केला. दोन जहाजे बुडाली, एक जबर मोडले आणि सहाशेहून अधिक अमेरिकन सैनिक व खलाशी प्राणाला मुकले. अनेकांनी जीवरक्षक पट्टे चुकीच्या पद्धतीने, कमरेला बांधले होते. पाठीवरच्या जड सामानामुळे ते पाण्यात उलटे झाले. स्वारीची गुप्तता राखण्यासाठी ही घटना तेव्हा दडपून ठेवण्यात आली. जेमतेम तीन आठवड्यांनी, 21 मे रोजी, पर्ल हार्बरच्या वेस्ट लॉकमध्ये दारूगोळा भरलेल्या एलएसटींमध्ये स्फोट होऊन सहा जहाजे गेली आणि 163 माणसे मृत्युमुखी पडली. एलएसटी या इंग्रजी आद्याक्षरांचा थट्टेने वेगळाच अर्थ लावून खलाशी त्याला ‘मोठे, संथ लक्ष्य’ म्हणत. त्या कडवट बोलण्याला या घटनांचा आधार होता. संपूर्ण युद्धात शत्रूच्या कारवाईत 26 एलएसटी बुडाली. हजाराच्या वर जहाजांत हा आकडा लहान दिसतो, पण प्रत्येक आकड्याच्या पोटात शंभरावर खलाशी आणि त्याहून जास्त सैनिक असत.

ओहोटीच्या आधाराने

5 जून 1944 रोजी एलएसटी-325 फाल्मथहून निघाले. ते नॉर्मंडीतील ओमाहा किनाऱ्यासाठीच्या पाठीराख्या दलात होते. 6 जूनला ओमाहावर जो संहार झाला त्यानंतर, 7 जून रोजी, त्याने किनाऱ्यासमोर नांगर टाकला आणि आपली माणसे व वाहने लहान उतरण-बोटींत आणि पाण्यावर चालणाऱ्या ट्रकांत उतरवली. परत जाताना त्याच्या डेकवर जखमी होते. रणगाड्यांच्या डेकला स्ट्रेचर अडकवण्याची सोय आधीच केलेली होती. जाताना शस्त्रे आणि येताना जखमी, हा या जहाजांचा नेम तिथून सुरू झाला.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांमध्ये पाण्याची पातळी सहा-सात मीटरने खालीवर होते. मित्रराष्ट्रांनी समुद्रात कृत्रिम बंदरे उभारायचे ठरवले होते, पण 19 ते 22 जूनच्या वादळात ओमाहासमोरचे अमेरिकन बंदर मोडून पडले. तेव्हा एलएसटींनी एक धाडसी पद्धत सरसकट वापरली. भरतीला पुळणीवर यायचे आणि ओहोटीला पाणी निघून जाईपर्यंत तिथेच थांबायचे. शंभर मीटर लांबीचे जहाज कोरड्या वाळूवर उभे राही. दारे उघडत, ट्रक चाकेही ओली न होता बाहेर पडत. पुढच्या भरतीला जहाज पुन्हा तरंगे आणि निघून जाई. भरलेल्या जहाजाचा कणा असमान वाळूवर मोडेल अशी अधिकाऱ्यांना भीती होती. तळ टिकला, आणि कृत्रिम बंदर नसतानाही ओमाहावर मालाचा ओघ चालू राहिला. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे सहज पटेल : भरती-ओहोटीशी भांडून चालत नाही, तिच्या वेळा सांभाळून काम करून घ्यावे लागते.

एलएसटी-325 युटा, ओमाहा, गोल्ड आणि जुनो या किनाऱ्यांवर गेले, सीन नदीतून रुआँपर्यंत चढले, ब्रेस्टच्या वेढ्यासाठी दारूगोळाही घेऊन गेले. फेरी, भरणे, उतरवणे, पुन्हा फेरी. इंग्लिश खाडीत सुरुंग होते, पाणबुड्या होत्या, हिवाळ्यात वादळे होती. एकेका फेरीत पराक्रम म्हणावा असे काही नसेल. पण अमेरिकन सेनापती पॅटन यांच्या रणगाड्यांना लागलेले पेट्रोल, पुढच्या गावात उभ्या राहिलेल्या इस्पितळाचे सामान, ट्रकचे सुटे टायर हे सगळे अशाच जहाजांच्या अशाच फेऱ्यांतून फ्रान्समध्ये आले.

एम्पायर जॅव्हलिन

28 डिसेंबर 1944 रोजी एम्पायर जॅव्हलिन हे सैनिकवाहू जहाज साउथॅम्प्टनहून ल आव्हरला निघाले होते. त्यावर सुमारे दीड हजार अमेरिकन सैनिक होते. हेच जहाज जूनमध्ये ओमाहासाठी सैनिक घेऊन आले होते. भर खाडीत त्याच्या तळाशी स्फोट झाला आणि ते बुडू लागले. फ्रेंच फ्रिगेट ‘एस्कार्मूश’ मदतीला गेली आणि एलएसटी-325 ही गेले. डिसेंबरच्या त्या थंड पाण्यात पडलेला माणूस फार वेळ तग धरत नाही. एलएसटी-325 ने सुमारे 700 जणांना वाचवले. जहाजाच्या कप्तानाला या कामगिरीसाठी पुढे ब्राँझ स्टार देण्यात आला.

या एका दिवसाचे महत्त्व मला एलएसटी-325 च्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत मोठे वाटते. ज्या जहाजाची रचना वजन उचलण्यासाठी केली, त्याच्या मोकळ्या, रुंद डेकमुळे सातशे माणसांना जागा मिळाली. एखादी देखणी विनाशिका तिथे असती तर इतक्या माणसांना तिने ठेवले कुठे असते?

मे 1945 मध्ये युरोपातले युद्ध संपले आणि एलएसटी-325 बेलफास्टहून अमेरिकेकडे निघाले. वाटेत वादळात एका प्रचंड लाटेवर त्याची नाळ आदळली आणि मुख्य डेकला तडा गेला. तडा वाढत गेला असता तर जहाज दुभंगले असते. खलाशांनी भर समुद्रात पोलादी पट्ट्या वेल्ड करून तो सांधला, आणि जहाज मायदेशी पोहोचले. 2 जुलै 1946 रोजी फ्लोरिडातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज येथे त्याला सेवेतून मोकळे करण्यात आले. दोन युद्धतारे त्याच्या नावावर, किंवा क्रमांकावर म्हणू, जमा झाले होते.

बर्फ आणि बेटे

बहुतेक भावंडे भंगारात गेली. एलएसटी-325 ला 1951 मध्ये पुन्हा कामाला लावण्यात आले. शीतयुद्ध सुरू झाले होते. सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने उत्तरेकडून येतील या भीतीने अमेरिका कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर रडार ठाणी उभारत होती. तिथे बंदरे नव्हती, धक्के नव्हते. डंकर्कनंतरचा जुनाच प्रश्न, फक्त वाळूऐवजी बर्फ आणि खडक. एलएसटी-325 लॅब्राडोरचा समुद्र, डेव्हिसची सामुद्रधुनी, बॅफिनचा उपसागर इथपर्यंत बांधकामाचे सामान घेऊन गेले. युरोपातल्या पुळणींसाठी कागदावर आखलेला तळ उत्तरेच्या हिमनगांमध्ये फिरला.

1961 मध्ये ते नौदलाच्या यादीतून काढले गेले आणि 1964 मध्ये ग्रीसला देण्यात आले. तिथे त्याला पहिल्यांदा नाव मिळाले : ‘सीरोस’, एजियन समुद्रातल्या एका बेटाचे. ज्या देशाचा मोठा हिस्सा बेटांवर वसला आहे आणि लहान बेटांवर मोठ्या बंदरांची सोय नाही, त्याला असे जहाज किती उपयोगाचे, हे वेगळे सांगायला नको. ग्रीक नौदलात ते 1999 पर्यंत राहिले. ज्या नौदलासाठी ते बांधले त्यापेक्षा कितीतरी जास्त काळ त्याने दुसऱ्याची सेवा केली.

म्हाताऱ्या खलाशांचा अटलांटिक

अमेरिकेत जुन्या एलएसटी खलाशांची एक संस्था होती. चालू स्थितीतले एखादे एलएसटी परत आणून स्मारक करावे, असे त्यांच्या मनात होते. ग्रीसने जहाज द्यायचे कबूल केले, अमेरिकन काँग्रेसची परवानगीही मिळाली. पण ते आणणार कोण? 2000 च्या उन्हाळ्यात निवृत्त खलाशी स्वखर्चाने क्रीटमधील सूदा बंदरात दाखल झाले. त्यांचे सरासरी वय 72 होते. कोणी दुसऱ्या महायुद्धातले, कोणी कोरियाच्या काळातले. कडक उन्हात त्यांनी गंज खरवडला, पाइप बदलले, जनरेटर दुरुस्त केले. त्यांच्यापैकी एकाचा तिथेच मृत्यू झाला. इतक्या जुन्या जहाजातून इतक्या वयाच्या माणसांनी हिवाळ्यात अटलांटिक ओलांडू नये, असा सल्ला त्यांना अमेरिकन अधिकाऱ्यांनी दिला.

नोव्हेंबर 2000 मध्ये कॅप्टन रॉबर्ट जॉर्नलिन यांच्या नेतृत्वाखाली जेमतेम तीसेक जण निघाले. जिब्राल्टरमार्गे सुमारे 6,500 मैल पार करून 10 जानेवारी 2001 रोजी एलएसटी-325 अलाबामातील मोबील बंदरात शिरले. 2005 मध्ये इव्हान्सव्हिलने त्याला कायमचे घर दिले. हे जहाज त्या शहरात बांधलेले नव्हते. पण 167 जहाजे बांधणाऱ्या शहराकडे आपले एकही उरले नव्हते, म्हणून त्याने फिलाडेल्फियाचे जहाज आपले मानले. आजही ते स्वतःच्या इंजिनांवर ओहायो आणि मिसिसिपी नद्यांतून फिरते आणि काठाकाठावरच्या शहरांत लोकांना आपली दारे उघडून दाखवते. इंजिने टिकण्याचे कारणही साधे आहे : त्याच घराण्याची डिझेल इंजिने पुढे अनेक वर्षे रेल्वेत आणि नदीतल्या टगबोटींवर चालली, त्यामुळे ती जाणणारे हात टिकून राहिले.

वाहतुकीचा वारसा

युद्ध संपल्यावर एलएसटीची कल्पना नागरी वाहतुकीत आली. 1946 मध्ये ब्रिटिश उद्योजक फ्रँक बस्टर्ड यांनी काही एलएसटी भाड्याने घेऊन टिलबरी ते रॉटरडॅम अशी वाहनांची सेवा सुरू केली. भरलेला ट्रक चालवत आत न्यायचा आणि पलीकडे चालवत बाहेर काढायचा. ‘रो-रो’ म्हणून आज आपण जी वाहतूक ओळखतो तिच्या आरंभीच्या व्यापारी सेवांपैकी ही एक. दाभोळ-धोपावे किंवा दिघी-आगरदांडा येथे फेरीबोटीची झडप धक्क्याच्या उतारावर टेकते आणि दुचाकी, टेम्पो, एसटी एकामागून एक बाहेर पडतात, तेव्हा तिथेही तेच तत्त्व काम करते : वाहन उचलायचे नाही, त्याला आपल्या चाकांवर जाऊ द्यायचे.

भारतीय नौदलाचा या घराण्याशी थेट संबंध आहे. महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनने बांधलेले एक एलएसटी 1949 मध्ये भारताकडे आले आणि त्याचे नाव ‘मगर’ ठेवले गेले. पुढे त्याच नावाचे, भारतात बांधलेले जहाज 1987 मध्ये सेवेत आले आणि 2023 मध्ये निवृत्त झाले. मे 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत मालदीवमध्ये अडकलेल्या भारतीयांना परत आणण्याच्या ‘समुद्रसेतू’ मोहिमेत हे ‘मगर’ माले ते कोची असे गेले आणि दोनशेहून अधिक लोकांना घरी घेऊन आले. रणगाड्यांसाठी बांधलेल्या जहाजाच्या पोटात त्या दिवशी कामगार आणि कुटुंबे होती.

नौदलाच्या कोणत्याही जहाजाची सेवानोंद वाचताना आपली नजर लढाया शोधते. एलएसटी-325 च्या नोंदीत त्या थोड्या सापडतील. सापडतात त्या फेऱ्या, उतरवलेले ट्रक, नेलेला दारूगोळा, आणलेले जखमी, वाचवलेले सातशे जीव, रडार ठाण्यांचे सिमेंट-लोखंड आणि बेटांवरची रसद. या नोंदीला मी दुय्यम मानत नाही. युद्ध जिंकायला शौर्य लागते, हे खरेच. पण शौर्याला रोज भाकर, पेट्रोल आणि मलमपट्टी पुरवावी लागते, आणि ते पुरवणाऱ्यांनाही तेच सुरुंग, तीच वादळे आणि त्याच पाणबुड्या भोगाव्या लागतात. इतिहासाने सेनापतींच्या शेजारी या वाहकांना जागा द्यायला हवी. ती दिली की नॉर्मंडी कशी जिंकली गेली हे आपल्याला जास्त नीट कळेल, आणि पुढच्या पूर-वादळात लोकांना बाहेर काढायला कोणती जहाजे हाताशी असली पाहिजेत हेही.